मौनाचा तिसावा दिवस

पाटोद्याचा राधाकिशन परवा आला. पंचविशीचा पोरगा, अंगाने लवचिक, डोळ्यांनी प्रामाणिक. तीन वर्षं माझ्याकडे आसनं शिकला, आता पाटोद्यात स्वतःचा वर्ग काढायचा म्हणतो. पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "आप्पा, तुमच्या हातची शाल द्या. लोक शाल बघून लेकरं-बाया पाठवतेत."

शाल मिळणार नाही, असं मी सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. "कावून आप्पा? माझं काय चुकलं?"

त्याचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते माझं, आणि त्याला आता बावीस वर्षं झाली. तोंडाने सांगायला बसलो की मी हळूहळू स्वतःला त्यातून सोडवून घेतो, हे मला ठाऊक आहे. म्हातारी माणसं जुनी गोष्ट सांगताना आपली बाजू धुऊन घेतात. म्हणून लिहून देतो आहे. राधाकिशनने वाचावं आणि मग शाल मागायची का ते त्याचं त्याने ठरवावं.

मी नागप्पा, जातीने जंगम. वडवणीपासून कोसभरावर आमचा मठ आहे. मठ म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हे. एक दगडी मंडप, त्याच्या मागे एक खोली, शेजारी आम्हा नवरा-बायकोचं घर आणि समोर आड. आसनं मी माझ्या गुरूंकडे शिकलो. शिकवायची परवानगी देताना त्यांनी मला हातभर लांबीची निंबाची काडी दिली. म्हणाले, "नागप्पा, बाईमाणसाला आणि लेकराला शिकवताना हात लावायचा न्हाई. कंबर कुठं वळवायची, पाय कुठं न्यायचा, ते या काडीनं दाखवायचं. आन् दार उघडं ठेवायचं. दाराशी एक बाई बसलेली पायजे."

दाराशी बसायची ती माझी बायको गंगासागर. मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायची आणि मध्येच माझ्यावर खेकसायची, "आवं, पोरीला दम लागलाय, दिसत न्हाई का?" मला राग यायचा. आपण गुरू, आणि चूलवाली आपल्याला शिकवते! पण ती बसायची म्हणून गावोगावच्या सुना-लेकी निर्धास्त येत होत्या, हे मला तेव्हा उमगलं नाही.

मौनाचा नियम मात्र गुरूंचा नव्हे, माझा. मूल होत नाही म्हणून ज्या बायका यायच्या, त्यांना मी एकेचाळीस दिवसांचं अनुष्ठान सांगायचो. सकाळ-दुपार पोटाची आसनं, अळणी जेवण, आणि मौन. कुणाशी बोलायचं नाही, फक्त धड्याच्या वेळी शिकवणाऱ्याने विचारलं तर उत्तर द्यायचं. बोलण्यात श्वास वाया जातो, असं मी लोकांना सांगायचो. खरं कारण सांगू? बायका धड्याला यायच्या आणि सासूची गाऱ्हाणी सांगत बसायच्या, मला कंटाळा यायचा. माझ्या कंटाळ्याला मी शास्त्राचं धोतर नेसवलं होतं. मूल होईलच अशी खात्री मी कधी दिली नाही, आणि होणार नाही असंही कधी म्हणालो नाही. मधली फट लोक आपापल्या आशेने भरून घ्यायचे आणि मी भरू द्यायचो.

वैजिनाथ माझा शिष्य. प्लेगच्या साथीत त्याचे आई-बाप एकाच आठवड्यात गेले, तेव्हा दहा वर्षांचा होता. मीच त्याला मठात आणलं. आम्हाला लेकरू नव्हतं. गंगासागरने त्याला जेवू घातलं, मी त्याला सगळं शिकवलं. बावीस-तेवीस वर्षांचा झाला तेव्हा मयूरासनात असा स्थिर राहायचा की बाजाराला निघालेली माणसं गाड्या थांबवून बघायची. माझ्यामागे मठ त्याचाच, हे सगळ्या पंचक्रोशीने गृहीत धरलं होतं. आपला तो बाब्या, दुसरं काय.

निजामाच्या राज्यातल्या फसली सन तेराशे पंचवीसच्या हिवाळ्यात बायनाबाई आपल्या सुनेला घेऊन मठात आली. बायनाबाई आमच्याच गावची, दहा बैलांची शेती असलेली आणि तोंडाने फाटकी. सून छबुबाई विशी ओलांडलेली, लग्नाला सात वर्षं झालेली. मुलगा आश्रुबा मागे उभा होता, खाली मान घालून.

"आप्पा, ही शेवटची खेप," बायनाबाई म्हणाली. "यंदा कूस उजवली तर ठीक, न्हाईतर पाडव्याला मी आश्रुबाला दुसरी करणार. सोयरीक बघून ठिवलीय."

छबुबाईने वर बघितलं नाही. मी तिला विचारलं, "लेकी, एकेचाळीस दिवस मौन पाळायचं. जमेल का?"

"जमंल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मोडलं तर काय होतं?"

"सगळं फुकट जातं," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, जणू पाऊस कधी यायचा ते सांगावं.

पहिले बारा दिवस गंगासागर दाराशी होती. तेराव्या दिवशी तिला हिवताप भरला. अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. त्या दिवशी मी बायकांचे धडे बंद ठेवायला हवे होते. पण त्याच महिन्यात जहागीरदारसाहेबांची कंबर धरली होती. रोज सकाळी त्यांचा घोडा मला न्यायला यायचा आणि दुपार टळल्यावर परत आणून सोडायचा. "नागप्पा, तुम्हारे हाथ में शिफा है," तुमच्या हाताला गुण आहे, असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि ते ऐकायला मी दोन कोस धूळ खात आनंदाने जायचो. वैजिनाथ म्हणाला, "आप्पा, तुमी जावा. बायांचं मी बगतो. छबुबाईचं अनुष्ठान मधी कशाला मोडायचं?"

गंगासागरने गोधडीतून डोकं काढलं. "दाराशी कोन बसंल?"

"दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो आणि घोड्यावर बसलो.

हिवताप दोन-चार दिवसांत कधी जातो का? महिना पुरला त्याला.

तिसाव्या दिवशी मी परतलो तेव्हा उन्हं कलली होती. घोडेवाला मला आडापाशी उतरवून गेला. मी पाय धुवायला पोहरा आत सोडतो तोच मंडपातून छबुबाई आली. धावत नव्हती, पण अशी चालत होती, जणू मागे वळून बघितलं की पाय थांबतील. जवळ येऊन तिने माझे पाय धरले. दोन्ही हातांनी, घट्ट. तिच्या डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. उजवा हात मोकळा होता, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला रक्ताची बारीक रेघ होती.

तिने वर बघितलं, ओठ उघडले आणि म्हणाली, "आप्पा—"

आणि मी बोट माझ्या ओठांवर ठेवलं.

"शूः. अकरा दिवस राहिले, लेकी. सगळं फुकट जाईल."

मी रागावून म्हणालो नाही. प्रेमाने म्हणालो. तिच्या भल्यासाठी, तिच्या डोक्यावरची सवत टळावी म्हणून म्हणालो. ते प्रेम आठवलं की आजही मला माझीच किळस येते. तिचं तोंड काही क्षण उघडंच राहिलं. मग मिटलं. तिने माझे पाय सोडले, पदर सारखा केला आणि ती घरी गेली. मी पोहरा वर ओढला, पाय धुतले आणि जेवायला बसलो. मोकळं मनगट मला दिसलं होतं. दळताना बांगड्या वाढल्या असतील, असं मी मनाशी म्हणालो. डोळ्यांवर कातडं ओढायला फार जोर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती धड्याला आली. तिसऱ्या दिवशीही आली. सासू हाताला धरून आणून सोडायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड दाबणारा हात माझा होता.

अडतिसाव्या दिवशी गंगासागरचा ताप उतरला. उठल्या उठल्या ती केरसुणी घेऊन मठात शिरली. मंडप झाडला, मग मागची खोली. थोड्या वेळाने ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तापाने तिचे गाल बसले होते. तिने मूठ उघडली. हिरव्या काचेचे तुकडे, आठ-दहा.

"मागल्या खोलीत फरशीच्या फटीत हुते," ती म्हणाली. "धडा मंडपात हुतो. मागल्या खोलीत छबूच्या बांगड्या कावून वाढल्या?"

मी एक तुकडा उचलून बघितला.

"आन् तुमची काडी बगितली का? खुट्टीला हाय. कोळ्यानं जाळं धरलंय तिच्यावर. महिनाभर कुनी हात लावला न्हाई तिला."

मी वैजिनाथला हाक मारली. तो आला, शांत, नुकतीच आंघोळ केलेला. तुकडे बघून म्हणाला, "सर्वांगासनात तोल गेला आप्पा तिचा. मी धरलं म्हणून मान वाचली. मंडपात वारा हुता म्हणून आत घेतलं हुतं." बोलताना त्याने डोळ्याला डोळा दिला. मला हवं होतं ते त्याने दिलं होतं. मी मान हलवली.

तो गेल्यावर गंगासागर म्हणाली, "आता तिला इचारा."

"तिला मौन आहे. तीन दिवस राहिलेत. सांगता झाली की विचारू."

गंगासागर माझ्याकडे बघत राहिली. त्या बाईने माझ्याबरोबर दुष्काळ काढला, प्लेग काढला, वांझपणाचे टोमणे ऐकले. पण तशी नजर तिने मला कधी दिली नव्हती. आज मी म्हणतो, तिसाव्या दिवशी मला चुकून झालं असं म्हणायची सोय होती. अडतिसाव्या दिवशी ती सोय नव्हती. तेव्हा मी फक्त म्हणालो की नियम म्हणजे नियम. आणि ते तीन दिवसही तिला धड्याला येऊ दिलं. गंगासागर दाराशी बसली होती एवढंच, अंगात उभं राहायची ताकद नसताना.

एकेचाळिसाव्या दिवशी सांगतेला अर्धं गाव मंडपात होतं. बायनाबाईने नवं लुगडं आणलं होतं. आश्रुबा नारळ घेऊन खांबाला टेकून उभा होता. वैजिनाथ माझ्या उजव्या बाजूला. सांगतेची रीत अशी, की गुरूने बाईच्या ओंजळीत पाणी घालायचं, तिने ते प्यायचं, मग गुरूने "बोल लेकी" म्हणायचं आणि तिने देवाचं नाव घेऊन मौन सोडायचं.

मी पाणी घातलं. ती प्यायली.

"बोल लेकी," मी म्हणालो. "आता बोल."

छबुबाईने मान वर केली. आडापाशी माझे पाय धरले त्या दिवसानंतर प्रथमच तिने सरळ माझ्याकडे बघितलं. मग तिने उजवा हात उचलला, तोच मोकळा हात, आणि बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

मग मागून एक म्हातारी पुटपुटली, "पोरीला मौन लागलं! सिद्धी झाली!" आणि बघता बघता लोक हात जोडायला लागले. बायनाबाई, जी सुनेला उठता बसता वांझोटी म्हणायची, ती तिच्या पाया पडली. सगळ्यांत आधी हात जोडले होते ते वैजिनाथने, डोळे मिटून. सगळ्या मंडपात त्या बोटाचा अर्थ तिघांना कळला होता. तिला, मला, आणि दाराशी बसलेल्या गंगासागरला, जिने 'तिला मौन आहे' हे माझं उत्तर ऐकलं होतं.

लोक गेल्यावर मी वैजिनाथला मागच्या खोलीत नेलं. या वेळी मी विचारलं नाही, सांगितलं. तो आधी नाही म्हणाला, मग माझ्या पायांवर पडला आणि रडला. "एकदाच चूक झाली, आप्पा."

"मग एकतिसाव्या दिवशी तू तिला पुन्हा धड्याला का घेतलंस? बत्तिसाव्या?" मी विचारलं.

आता ऐक राधाकिशन, कारण खरी घाण इथून पुढे आहे. मी त्याला चौकीवर नेलं नाही. गावाला बोलावलं नाही. छबुबाईची अब्रू जाईल, असं मी गंगासागरला म्हणालो. खोटं नव्हतं ते. बायनाबाईला कळलं असतं तर तिने सुनेलाच घराबाहेर काढलं असतं. पण छबुबाईच्या अब्रूच्या आड माझी अब्रू लपली होती, मठाची लपली होती, जहागीरदारसाहेबांचा घोडा लपला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वैजिनाथला म्हणालो, तोंड काळं कर. आणि गावाला म्हणालो, शिष्य देशाटनाला निघाला. रीतीप्रमाणे निरोप द्यावा लागला, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. चार माणसांसमोर मी त्याच्या खांद्यावर शाल घातली. गुरूने शाल दिली म्हणजे शिष्य शिकवायला मोकळा, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. गंगासागर त्या वेळी घराबाहेर आली नाही.

साडेचार महिने गेले. छबुबाईला मी बघितलं नाही. एकदा आश्रुबा वाटेत भेटला. बैल थांबवून म्हणाला, "आप्पा, ती रडती. बोलत न्हाई आन् रडती. तिला तुमाला कायतरी सांगायचं हुतं का?"

"चूक माझी होती आश्रुबा," मी म्हणालो. "तिची नव्हती. तेवढं धरून ठेव."

त्याला समजलं की नाही, माहीत नाही. मग "हूं" म्हणून बैल हाकले.

वडवणीच्या बाजारात दिंद्रुडचा एक ओळखीचा दुकानदार भेटला. हसत हसत म्हणाला, "आप्पा, तुमचे वैजिनाथ स्वामी आमच्याकडं आलेत की! आप्पारावांच्या महादेवाच्या देवळात वर्ग चालतो. पाच बाया बसल्यात अनुष्ठानाला. एकेचाळीस दिवसांचं मौन. तुमचीच शाल पांघरत्यात."

मी एकच विचारलं, "दाराशी कोण बसतं?"

"दाराशी? दार लावून घेत्यात. वारं लागू नये म्हनून."

घरी येऊन मी गंगासागरला सांगितलं. तिने एक शब्द न बोलता भाकरी फडक्यात बांधल्या. मी म्हणालो, "तू कुठे? अजून चालवत नाही तुला."

"दाराशी कुनीतरी बसाया पायजे," ती म्हणाली.

उजाडायच्या आत गाडी जुंपली आणि दुपारी दिंद्रुडला पोचलो. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. छबुबाईचं नाव येऊ द्यायचं नाही, आणि तरी खोटं बोलायचं नाही. साधं काम नव्हतं. वरातीमागून घोडं नेताना घोड्याला साज कसला चढवायचा, असं गंगासागर म्हणाली आणि गप्प झाली.

देवळाच्या ओट्यावर आप्पाराव बसले होते, गावचे मोठे जमीनदार, गळ्यात रुद्राक्ष. त्यांनी उठून माझे पाय धरले. आतून वैजिनाथ आला. मला बघून त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, पण त्याने वाकून नमस्कार केला. खांद्यावर माझी शाल होती.

मी ओट्यावर उभा राहिलो आणि जमलेल्या माणसांसमोर म्हणालो, "हा माझा शिष्य. हा शिकवायच्या लायकीचा नाही. माझ्या मठात याने एका बाईला इजा केली. मला कळलं होतं. तरी मी याला शाल देऊन पाठवला."

आप्पारावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोन बाई?"

"नाव सांगणार नाही."

"नाव न्हाई, गाव न्हाई. आन् ठाऊक हुतं तर शाल कावून दिली?"

"भ्यालो म्हणून."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. वैजिनाथ मऊ आवाजात म्हणाला, "आप्पांचं वय झालंय. मी मठ सोडल्यापासून त्यांच्या मनाला लागलंय." मीच शिकवलं होतं त्याला, आवाज कसा ठेवायचा ते. आप्पाराव माझ्या अंगावर आले. "तुमच्या भांडनात आमच्या घरच्या बायांची नावं खराब करायला आलाव का? माझी सख्खी भैन आत बसलीया!"

तेवढ्यात गंगासागर पायऱ्या चढून वर आली. तापाने झिजलेलं अंग, पण आवाज तोच. "मग भैनीलाच इचारा की. समदे गडी भाईर व्हा. ह्योबी." तिने वैजिनाथकडे बोट केलं. मग तिने देवळाचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बसली. आप्पाराव काही म्हणणार होते, पण म्हाताऱ्या बाईला उंबऱ्यावरून उठवायचं कसं, ते त्यांना सुचलं नाही.

आत पाच बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. मी त्यांच्यापासून दूर, खांबापाशी जमिनीवर बसलो.

"बायांनो," मी म्हणालो, "हे मौन देवाने सांगितलेलं नाही, शास्त्राने सांगितलेलं नाही. मी काढलेलं आहे. माझ्या सोयीसाठी काढलं. आज मीच ते मोडतो. जिला बोलायचं ती बोलेल. जिला नाही बोलायचं तिने उठून घरी जावं, काही फुकट जात नाही."

बाहेर माणसांचा गलका चालू होता. मला माझ्याच हातांची भीती वाटली. सवय वाईट असते. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसलो.

दोघी उठून गेल्या. मग भिंतीशी बसलेल्या एका पस्तिशीच्या बाईने मान वर केली. रतनबाई, आप्पारावांची बहीण. आवाज किती दिवस वापरला नव्हता कोण जाणे, घोगरा झाला होता. तिने ओठ उघडले आणि म्हणाली, "आप्पा—"

मी हात मांडीखाली आणखी दाबून धरले. मी म्हणालो, "ऐकतोय."

ती बोलली. किती वेळ बोलली ते मला सांगता येणार नाही. काय बोलली तेही मी लिहिणार नाही. ते तिचं आहे, आणि तिने ते मला ऐकायला दिलं, वाटायला नाही. तिच्यामागून आणखी एक बोलली. उंबऱ्यावर गंगासागर पदर तोंडात कोंबून बसली होती. रतनबाई स्वतः उठून बाहेर गेली आणि भावासमोर उभी राहिली, तेव्हा गलका थांबला.

वैजिनाथ तोवर निघून गेला होता. गडी चारी वाटांना धावले, पण ज्वारी काढलेल्या मोकळ्या शिवारातही तो कुणाला दिसला नाही. आप्पारावांनी चौकीवर कळवलं नाही. घरची बाब आहे, म्हणाले. मी कुठल्या तोंडाने त्यांना शिकवणार होतो? मी स्वतः चौकीवरच्या अमिनापुढे जाऊन जे माझं होतं तेवढं सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि बाईचं नाव नाही म्हणून कागद बाजूला ठेवला. त्यानंतर वैजिनाथचा ठावठिकाणा कधी लागला नाही. शाल त्याच्याजवळच राहिली. आजही कुठल्यातरी गावात ती बघून कुणी आपली सून त्याच्याकडे पाठवत असेल. म्हणून राधाकिशन, या हातांनी पुन्हा कुणाला शाल घातली जाणार नाही. काडी हवी तर घेऊन जा. दाराशी बसणारी बाई आधी शोध, मग वर्ग काढ.

दिंद्रुडहून आलो आणि दुसऱ्या दिवशी बायनाबाईच्या वाड्याकडे गेलो. गोठ्याच्या भिंतीपलीकडून आवाज येत होता, एक बाई वासरावर ओरडत होती. "आरं, पी की गुमान! पानी बी वरून पाजावं लागतं व्हय तुला?" भरदार, खणखणीत आवाज. मी विचारलं, कोण? बायनाबाई तोंड वाकडं करून म्हणाली, "सून. महिना झाला बोलाया लागून. सिद्धी-बिद्धी कसली, पाडव्याला सोयरीक केली असती तर बरं झालं असतं." पुढच्या वर्षी तिने ती केलीही. आश्रुबाने सवत आणली, पण छबुबाईला घराबाहेर काढू दिलं नाही. तेवढं त्याने केलं.

मी गोठ्यात गेलो. मला बघताच छबुबाईचा आवाज थांबला. मी दारातच उभा राहिलो, सगळ्यांना दिसेल असा, आणि तिला सगळं सांगितलं. दिंद्रुडला काय झालं ते. तिचं नाव घेतलं नाही ते. तिसाव्या दिवशी मी काय केलं ते, आणि अडतिसाव्या दिवशी समजून उमजून काय केलं तेही. ती वासराच्या पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती.

"आता बोल लेकी," मी म्हणालो. "शिव्या दे. मी ऐकतो."

तिने सूप उचललं आणि दाणे पाखडायला लागली.

बावीस वर्षं झाली. आम्ही एकाच गावात राहतो. ती सवतीच्या लेकरांना हाका मारते, बाजारात भाव करते, गंगासागर गेली तेव्हा आमच्या दारात येऊन मोठ्याने रडली. मी समोर आलो की गप्प होते. तिसाव्या दिवसापासून आजवर माझ्याशी म्हणून ती एकच शब्द बोलली आहे, "आप्पा". त्यापुढचं मी तिला बोलू दिलं नव्हतं.